तुमचे प्रश्न : वसईच्या पणजीच्या दाखल्यावर दमणचं नाव कसं काय?

मागच्या अंकात वसईच्या किल्ल्यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतली आहेत कारण चौघांनी वेगवेगळं विचारलं असलं तरी मूळ गोष्ट एकच आहे, वसईच्या ख्रिस्ती लोकांचा बिशप, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या चर्चेसचा मुख्य, कुठे बसायचा. साडेचारशे वर्षं तो वसईत बसत नव्हता, आणि हे आजच्या पोरांना माहीतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न : आमचं जुनं घर पाडताना माळ्यावरच्या पेटीत पणजीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला. साल १९१९. भाषा पोर्तुगीज वाटते. पण वर वसई नाही, मुंबई नाही, चक्क दमणचं नाव आहे. आमच्या घराण्यात दमणला कुणी राहिलेलं नाही, पणजी तर नंदाखालच्या बाहेर फारशी गेलीच नाही. मग हे काय गौडबंगाल?
— एक वाचक, विरार

उत्तर : गौडबंगाल काही नाही, तुमच्या पणजीचा बाप्तिस्मा नंदाखालच्या चर्चमध्येच झालाय. फक्त त्या वेळी नंदाखाल, पापडी, निर्मळ ही वसई भागातली सगळी चर्चेस दमणच्या धर्मप्रांतात होती. धर्मप्रांत किंवा डायोसिस म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख. म्हणजे ते नाव गावाचं नाही, धर्मप्रांताचं आहे, जसं आज सातबारावर तालुका-जिल्हा लिहिलेला असतो तसं.

आता दमणच का, तर त्यासाठी बरंच मागे जावं लागेल. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगिजांना दिली, पाठोपाठ फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आले, मग जेझुइट संघाचे आले आणि गावोगाव चर्चेस उभी राहिली. या सगळ्यांचा बिशप गोव्याला. १५५८ ला गोव्याचं आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपचं मोठं धर्मप्रांत, झालं आणि वसई त्याच्याच हाताखाली. त्या काळात पद्रोआदो नावाची व्यवस्था होती, म्हणजे चर्चेस बांधायची आणि धर्मगुरूंना पोसायचं पोर्तुगालच्या राजाने, आणि त्या बदल्यात बिशप म्हणून कुणाला नेमायचं ते नाव रोमला, म्हणजे पोपला, सुचवायचा हक्क त्या राजाचा. हा हक्क नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी ओढाताण त्याच्यावरूनच आहे.

१७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज फौज, त्यांची बायकापोरं, बरेचसे पाद्री निघून गेले पण शेतावरचे आणि होडीवरचे ख्रिस्ती लोक कुठे जाणार, ते इथेच राहिले. तहात त्यांच्या धर्माला मोकळीक दिलेली होती. आणि मला यातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की पेशव्यांचं राज्य आलं, नंतर १८१८ ला इंग्रजांचं आलं, तरी वसईचा बिशप गोव्याचाच राहिला. सारा भरायचा पुण्याला, नंतर मुंबईला, आणि धर्माच्या बाबतीत मान खाली घालायची गोव्याकडे. पोर्तुगालची सत्ता जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली तरी इथल्या चर्चमध्ये कोण अधिकारी हे पोर्तुगालच्या हक्कातून ठरत होतं.

मुंबई बेटाची गोष्ट वेगळी. तिथे १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवलं, कारण त्यांच्या निष्ठेवर विश्वास नव्हता, आणि थेट रोमच्या हाताखालच्या कार्मेलाइट संघाच्या बिशपांना आणलं. त्यातून पुढे एकाच शहरात दोन अधिकार झाले, काही चर्चेस गोव्याची आणि काही रोमच्या प्रतिनिधीची. घराघरात भांडणं लागली त्याच्यावरून, एक भाऊ या चर्चला तर दुसरा त्या चर्चला.

शेवटी १८८६ ला पोप आणि पोर्तुगालचा राजा यांच्यात करार झाला. त्यात मुंबईचं आर्चडायोसिस झालं आणि पोर्तुगालच्या हक्कातली चर्चेस सांभाळायला दमणचं नवीन धर्मप्रांत झालं. दमण आणि दीव तर त्यात होतेच, पण इंग्रजांच्या मुलखातली वसई आणि साष्टी (मुंबईच्या उपनगरांचा भाग) सुद्धा त्यातच घातली. पहिले बिशप अंतोनियो पेद्रो दा कोश्ता, त्यांच्यानंतर १९०० पासून १९२५ पर्यंत सेबास्तियांव जुझे पेरैरा. म्हणजे तुमच्या पणजीचा जन्म झाला तेव्हा तिचे बिशप हे पेरैरा. दाखला पोर्तुगीजमध्ये का, तेही यातच आलं.

हे धर्मप्रांत जेमतेम ४२ वर्षं टिकलं. १९२८ ला ते बंद झालं, दमण-दीवचा भाग गोव्याला जोडला आणि वसई-साष्टी मुंबईला. म्हणून १९१९ च्या दाखल्यावर दमण आणि तुमच्या आजीचा दाखला काढलात, समजा १९४० चा, तर त्यावर मुंबई दिसेल. दोन्ही शेजारी ठेवून बघा एकदा. चर्च तेच, विहीर तीच, वाट तीच.

प्रश्न : किल्ल्यात सेंट जोसेफ कॅथेड्रल म्हणून पाटी दाखवतात. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशप असतो ते, असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलंय. मग वसईला पूर्वी बिशप होते की नव्हते?
— एक विद्यार्थिनी, नालासोपारा

उत्तर : नव्हते. तुमच्या वर्गात बरोबर शिकवलंय, कॅथेड्रा म्हणजे बिशपचं आसन आणि ते आसन ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथेड्रल. किल्ल्यातलं सेंट जोसेफ हे शहराचं मुख्य चर्च होतं, पोर्तुगीज त्याला मात्रिझ म्हणायचे, म्हणजे आईचर्च. सोळाव्या शतकाच्या मध्यात बांधलेलं, आणि १६०१ ला गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात ते नव्याने मोठं केलं. त्याचा मनोरा अजून उभा आहे, आतला गोल जिना चढून गेलात तर वरून खाडी दिसते. एवढं मोठं चर्च म्हणून लोक कौतुकाने कॅथेड्रल म्हणायला लागले, पण तिथे बिशपचं आसन कधी नव्हतं.

खरं कॅथेड्रल वसईला मिळालं ते १९९८ ला, वसईचं वेगळं धर्मप्रांत झालं तेव्हा, पापडीचं आवर लेडी ऑफ ग्रेस चर्च. गंमत अशी की पर्यटक किल्ल्याकडे जाताना याच्या जवळून जातात आणि पडक्या भिंतींचे फोटो काढतात, आणि जिथे आज खरोखर बिशपचं आसन आहे तिथे डोकावतही नाहीत. तुम्ही आता जाल तेव्हा वेदीजवळची ती खुर्ची मुद्दाम बघा.

प्रश्न : संत गोन्सालो गार्सिया वसईचे, १५९७ ला नागासाकीला हुतात्मा झाले, १८६२ ला पोपनी संत म्हणून जाहीर केलं. एवढा जुना वारसा असून वसईला स्वतःचं डायोसिस मिळायला १९९८ का उजाडलं? आमच्यावर अन्याय झाला असं काही मंडळी बोलतात.
— एक निवृत्त शिक्षक, वसई गाव

उत्तर : सर, अन्याय म्हणण्यापेक्षा मी म्हणेन की वसई कायम दुसऱ्या कुणाच्या तरी हिशोबात होती. आधी गोव्याच्या, मग दमणच्या, मग मुंबईच्या. १९२८ ला वसई मुंबईत गेली तेव्हाही पोर्तुगालचा हात पूर्ण सुटला नव्हता, कारण करारात असं ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा. म्हणून १९२८ ला जोआकिम लिमा आले, ते पोर्तुगीज, आणि ते वारल्यावर १९३७ ला थॉमस रॉबर्ट्स आले, ते इंग्रज. भारतीय माणसाची पाळी त्या करारात कुठेच नव्हती. 

रॉबर्ट्स यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना दिसत होतं की हा देश स्वतंत्र होणार आणि इथला आर्चबिशप इथलाच हवा. १९४६ ला व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे सहायक बिशप झाले तेव्हा त्यांनी सगळा कारभार ग्रेशस यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईतून निघून गेले, खुर्चीवर नाव त्यांचं पण काम भारतीय माणसाचं अशी चार वर्षं काढली. १९५० ला पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ ला तेच भारताचे पहिले कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालच्या मानाचे. आपली खुर्ची रिकामी करायला एवढा दूरचा विचार करणारी माणसं कमीच.

तर वसईला आपला माणूस मिळायच्या आधी मुंबईलाच आपला माणूस मिळायला १९५० उजाडलं. त्यानंतर मुंबईचा पसारा वाढत गेला. आणि वसईचा प्रश्न नुसता अंतराचा नव्हता, मुंबईच्या चर्चचा कारभार मुख्यतः इंग्रजीत आणि वसईची माणसं घरी सामवेदी, वाडवळी, कोळी बोली बोलणारी, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणणारी. चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आली तेव्हा वसईत ती मराठीत आली आणि तिथून हा समाज मनाने अगदी मराठी झाला. ‘सुवार्ता’ मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं लेखन, वसईचा निसर्ग वाचवायचं हरित वसईचं आंदोलन हे सगळं डायोसिस व्हायच्या आधीचं आहे. म्हणजे १९९८ ला रोमने वसईला काही नवीन दिलं असं मला वाटत नाही, जे होतंच त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं.

२२ मे १९९८ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबईतून वेगळं करून वसई धर्मप्रांत जाहीर केलं. वसईपासून वर डहाणू-तलासरी आणि आत जव्हार-मोखाड्यापर्यंतचा भाग त्यात, म्हणजे जवळपास आजचा पालघर जिल्हा. सरकारने पालघर जिल्हा केला २०१४ ला, चर्चने तो प्रदेश सोळा वर्षं आधीच वेगळा धरला होता.

पहिले बिशप थॉमस डाबरे, आपल्या भुईगावचे. त्यांची पीएचडी कशावर, तर तुकोबांच्या ईश्वर-अनुभवावर! ज्या वसईला शतकानुशतकं परक्या भाषेत पत्रं लिहिणारे बिशप होते तिला पहिला स्वतःचा बिशप मिळाला तो तुकारामाचे अभंग अभ्यासलेला, हे मला अजूनही कुणाला सांगताना भरून येतं. २००९ ला ते पुण्याला गेले आणि त्याच वर्षी नाशिकहून फेलिक्स मच्याडो आले, तेही वसईचेच, रोममध्ये आंतरधर्मीय संवादाच्या कामात बरीच वर्षं घालवलेले. २०२४ ला ते निवृत्त झाले आणि थॉमस डिसोजा बिशप झाले.

सर, रोजच्या जगण्यात काय फरक पडला ते तुमच्या पिढीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा, संस्कार साधारणपणे बिशपच्या हातून होतो, त्यासाठी आधी मुंबईच्या बिशपांची तारीख मिळायची वाट बघावी लागायची. पवित्र आठवड्यात बिशप जी तेलं आशीर्वादित करतात आणि जी मग वर्षभर बाप्तिस्म्याला, आजाऱ्यांना लावतात, ती आता पापडीत आशीर्वादित होऊन गावोगावच्या चर्चला जातात. बाळाच्या कपाळाला लागणारं तेल वसईतच तयार होतं, एवढं साधं आहे ते.

प्रश्न : मच्याडो यांना सगळे आर्चबिशप म्हणायचे. मग वसई आर्चडायोसिस होतं का? आणि बिशप निवडतं कोण, मतदान होतं का?
— एक वाचक, माणिकपूर

उत्तर : वसई आर्चडायोसिस नाही, साधं डायोसिस आहे आणि ते मुंबईच्या आर्चडायोसिसभोवतीच्या डायोसिसांच्या गटात, म्हणजे मुंबईच्या प्रांतात, येतं. मच्याडो यांना आर्चबिशप हा किताब पोपनी व्यक्तिशः दिला होता, २००८ ला नाशिकला नेमलं तेव्हाच, तो माणसाबरोबर आला आणि माणसाबरोबर गेला. खुर्चीला तो लागू नाही म्हणून डिसोजा बिशपच.

असे किताब पूर्वीही होते. वर ज्या दमणच्या बिशपांबद्दल लिहिलं ना, त्यांना १८८६ च्या करारात क्रांगानोरचे आर्चबिशप असा मानाचा किताब होता, क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. तेव्हा विरारच्या वाचकांना दाखल्यावर किंवा घरातल्या दुसऱ्या कागदावर दमणबरोबर क्रांगानोर दिसलं तर पणजी केरळची होती असं समजू नका!

मतदान नाही होत. धर्मगुरू आणि जाणत्या लोकांकडे गुपचूप चौकशी होते, दिल्लीतले पोपचे राजदूत साधारण तीन नावं रोमला पाठवतात आणि पोप त्यातून नेमतात. माणूस किमान ३५ वर्षांचा आणि किमान पाच वर्षं धर्मगुरू असावा लागतो, आणि ७५ पूर्ण झाली की राजीनामा द्यायचा.

जाता जाता दाखल्याबद्दल. मूळ नोंद चर्चच्या वहीत असते, तेव्हा साल आणि आईवडलांची नावं घेऊन नंदाखालच्या चर्च ऑफिसला विचारा. पोर्तुगीज येत नसेल तर चार शब्द पुरतात, पाय म्हणजे बाप, मांय म्हणजे आई, पाद्रिन्यू म्हणजे धर्मपिता आणि माद्रिन्या म्हणजे धर्ममाता. धर्मपित्याचं नाव नक्की बघा, हरवलेले नातेवाईक बऱ्याचदा तिथेच सापडतात. आणि तो कागद कृपया लॅमिनेट करू नका, चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो, मोबाइलवर नीट फोटो काढा आणि मूळ कागद सपाट, कोरड्या जागी ठेवा.