'चिटणीसाचं मेज' नको, दप्तर म्हणा

प्रश्न असा: व्हिक्टोरियन काळातल्या 'सेक्रेटरी डेस्क'ला, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या, मिटून कुलूप लावता येणाऱ्या लिहायच्या मेजाला, मराठीत 'चिटणीसाचं मेज' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे भाषांतर हल्ली वरचेवर कानावर येतं आणि दर वेळी कपाळाला हात लावावा लागतो. इथे सेक्रेटरी म्हणजे मेजापाशी बसणारा माणूस नव्हे. ते मेजच सेक्रेटरी. लॅटिन मूळ गुपिताचं. गुपितं सांभाळील तो सेक्रेटरी, मग तो हाडामांसाचा असो की अक्रोडाच्या लाकडाचा. आपला चिटणीस मात्र चिठ्ठ्या लिहिणारा. त्यातला 'नीस' फारसीतल्या लिहिण्याच्या क्रियापदाचा. फडणीस, पारसनीस त्याचेच भाऊबंद. गुपिताशी त्यांचा संबंध नाही.

नमुनाच हवा तर इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनचं 1874 च्या पेटंटचं मेज घ्या. बंद असताना साधं, गोलसर माथ्याचं कपाट. दोन जाडजूड दारं उघडली की आतून अख्खी कचेरी बाहेर येते: एका दारात पुठ्ठ्याच्या डब्यांच्या रांगा, दुसऱ्यात उभे-आडवे कप्पे, मधे आणखी खण, आणि पुढे खाली पडणारी लिहायची फळी. दारं मिटून एक किल्ली फिरवली की सगळा कारभार कुलूपबंद. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडेही असंच होतं. पुढे टंकयंत्रं आली, कागद बेसुमार वाढले आणि हे कप्पे पुरेनात.

इंग्लंडातलं 'डेव्हनपोर्ट' त्याहून खट्याळ. छोटं, उतरत्या झाकणाचं, खण बाजूला. काहींत लपवलेली कळ दाबली की आतल्या वजनांच्या जोरावर कप्प्यांचा सांगाडा आपोआप वर येतो. हाताने दाबला की पुन्हा गडप. नाव एका कॅप्टनचं, लँकेस्टरच्या गिलोज या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीच्या वहीत नोंदलेलं. अमेरिकेत मात्र डेव्हनपोर्ट म्हणजे सोफा! असो.

खरी गंमत मेजाच्याच 'ब्यूरो' या फ्रेंच नावात आहे. मुळात हे जाडंभरडं लोकरी कापड. ते मेजावर अंथरत, म्हणून मेज ब्यूरो झालं, मग मेजाची खोली, मग खातं, आणि शेवटी त्या खात्यातून ब्यूरोक्रसी निघाली. आता पुण्याच्या पेशवे दफ्तरात या. तिथली कागदपत्रं बांधली आहेत कशात? रुमालात! फ्रेंचांनी कापड कागदाखाली अंथरलं, आपण कागदाभोवती गुंडाळलं. एरवी बुद्धी तीच.

आणि त्या 'दफ्तर'चं काय? कोशकार पुढे 'फारसी' नाहीतर 'अरबी' एवढं लिहून मोकळे होतात. नागपूरहून निघालेला माणूस दादरला उतरला म्हणून त्याला दादरकर ठरवण्यातला हा प्रकार. मूळ ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की आयोनियन ग्रीक पपायरसलाही (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदालाही) याच नावाने ओळखत, कारण पूर्वी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. त्याच डिफ्थेरावरून फ्रेंच डॉक्टर ब्रेतोनो यांनी 1826 साली घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाचं नाव पाडलं. होय, डिप्थेरिया. पोरांच्या पाठीवरचं दप्तर आणि घटसर्प हे सख्खे चुलतभाऊ आहेत, आणि हे एकाही शालेय पुस्तकात नसावं याचा मला राग येतो.

तेव्हा वूटनच्या त्या कपाटाला मी बेधडक 'दप्तर' म्हणेन: कागद ठेवण्याची वस्तूही तेच, कचेरीही तेच. डेव्हनपोर्टला 'चोरकप्प्याचं मेज' पुरे.

यावर काही विद्वान लगेच सांगतील की 'दप्तर' अशुद्ध, 'दफ्तर' शुद्ध. त्यांच्यासाठी एवढंच: प्राचीन ग्रीक 'डिफ्थेरा'तला फ हा वर्ण 'फळ'मधल्या फ सारखा, ओठ मिटून काढायचा. फारसीतला दातांनी ओठ दाबून काढायचा फ नंतरचा. मग ओठ मिटून म्हटलेल्या आमच्या 'प'ला नावं ठेवायचं कारण काय?