तोंडी सगळं येतं, मग वाचताना का अडतो?

शाळा सुरू होऊन महिना झाला की नाशिकमधल्या माझ्या गंगापूर रोडच्या खोलीत तेच वाक्य येऊन बसतं. "मॅडम, तोंडी काहीही विचारा, घडाघडा सांगतो. पुस्तक उघडलं की दातखीळ बसते." कधी आई म्हणते, कधी आजी. हल्ली त्याला मोबाइलवर पाहिलेलं एक शेपूट असतं: "याच्या मेंदूत वाचायचा भागच कमी आहे का?"

यंदा हे विचारणारे वडील होते. सातपूरच्या कंपनीतून रात्रपाळी उरकून थेट आलेले, सोबत चौथीतला ओंकार (नाव अर्थातच बदललंय). "स्कॅन करायला सांगा, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." मी समुपदेशक, डॉक्टर नव्हे, शिवाय वाचनातली अशी अडचण स्कॅनवर बघून ठरवत नाहीत. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्यायला लावले. दोन्ही ठणठणीत.

पुढच्या भेटीत मी कागदावर "निमाणी" लिहिलं. पंचवटीतला बसस्टँड, आजीकडे जाताना रोजचा. ओंकारने क्षणात वाचलं. "येतं की!" वडील म्हणाले. मी शेवटच्या अक्षरावर अंगठा ठेवला. आता नुसतं "निमा" उरलं, आणि ओंकार गप्प. मग "मिनी" लिहिलं. तो म्हणाला, "निमाणीच आहे ना?" आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला, उत्तर तिथे सापडेल म्हणून.

शब्द तो वाचतच नव्हता. शेजारच्या काकूंना लांबून ओळखावं, तशी पाटी ओळखत होता.

वडिलांना मी सांगितलं, ते इथेही सांगते. बोलणं माणसाला फार जुनं, लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तेवढ्यात मेंदूत वाचनाचा वेगळा कप्पा तयार होत नाही. प्रत्येक मूल दुसऱ्या कामांसाठी असलेल्या जागा वाचनाला जुंपतं. बहुतेकांच्या डाव्या मेंदूत मागे-खाली एक पट्टा आहे, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारीच. तो सरावाने अक्षरांत तरबेज होतो. देहान आणि कोएन या फ्रेंच संशोधकांनी २००० साली त्याला शब्दरूपाची जागा असं नाव दिलं. कानाच्या वर, जरा मागे असलेला भाग अक्षराला आवाज जोडतो. कपाळाच्या बाजूचा भाग उच्चार जुळवतो. अर्थ लावायला आणखी निराळे भाग. वाचन यांपैकी कुठल्याच एका ठिकाणी राहत नाही, ते यांच्यातल्या रस्त्यांवर घडतं.

"आपल्या द्वारका चौकासारखं, वर उड्डाणपूल, खाली सिग्नल," वडील म्हणाले. अगदी तसंच! सराईत वाचक उड्डाणपुलावरून सुसाट जातो. शिकणाऱ्याला खालून, एकेक सिग्नल घेत, अक्षर-आवाज, अक्षर-आवाज करत जावं लागतं. काही मुलांचा हा खालचा रस्ताच चिंचोळा असतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. पण पूल बांधून व्हायच्या आत आपण त्यांना वरून जायला सांगतो, आणि आपटल्यावर रागावतो.

मी मुळात भीतीकडे आधी बघणारी बाई. अक्षर नंतर. म्हणून पहिले तीन आठवडे घरात मोठ्याने वाचायला सांगणं बंद करायला लावलं. आईला ते पटलं नव्हतं, पण तिने पाळलं.

सहाव्या भेटीत ताटलीत रवा पसरला. १८९२ साली पॅरिसच्या देजेरिन नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत लिहिली होती: त्याला लिहिता येई, पण स्वतःचंच लिहिलेलं वाचता येईना; बोटाने अक्षर गिरवलं की मात्र ते ओळखू येई. डोळ्यांची वाट बंद झाली, तरी हाताची उघडी होती. ओंकारचं दुखणं ते नव्हे, त्याच्या मेंदूला काही इजा झालेली नाही. पण हाताची वाट मी तेव्हापासून मनात ठेवलीय. ओंकार रव्यात "नि" गिरवत होता. आधी वेलांटी, मग न. थांबला. पुसलं. पुन्हा गिरवलं. मग एकदम म्हणाला, "मॅडम, ही वेलांटी खोटारडी आहे. उभी राहते पुढे आणि बोलते मागून!"

सतरा वर्षं मी मुलांना ऱ्हस्व वेलांटी शिकवतेय, हे मला कधी दिसलं नव्हतं. डोळा डावीकडून येतो, त्याला आधी वेलांटी भेटते. तोंडाला मात्र आधी न् लागतो. आपण मोठे हे इतक्या वेगाने ओलांडतो, की तिथे खड्डा आहे हेच विसरलोय. त्या दिवशी मी त्याला काहीच शिकवलं नाही. वेलांटीवर बोट ठेवून तिला "थांब गं" म्हणायचं, आधी अक्षराला बोलू द्यायचं, हा खेळ त्यानेच काढला. "मिनी" त्याने त्याच दुपारी वाचलं. सावकाश, पण वाचलं.

निघताना वडील दारात घुटमळले. "कंपनीत नोटीस लागली की मी अजून पोरांना विचारतो, काय लिहिलंय रे." ही अडचण पुष्कळदा आईवडिलांकडून वारशानेच येते. ओंकार ते ऐकत होता. एवढं औषध मला देता आलं नसतं.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर रोज दहाच मिनिटं, तोच उतारा चार दिवस. पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका. गोष्टी तुम्ही वाचून दाखवा, वाचन अडलं म्हणून शब्दसंपत्ती का अडावी? भ-म, ध-घ, थ-य एकाच दिवशी समोर ठेवू नका. सारख्या चेहऱ्यांची जुळी वेगवेगळ्या वारी भेटू देत. दुसरी-तिसरीनंतरही गाडी हलत नसेल, तर तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. यात लपवण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

परवा ओंकारने येताच माझ्याकडून कागद मागितला, काहीतरी लिहिलं, अर्ध्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "आता तुम्ही वाचा." मी "शिवाजी" म्हटलं. त्याने अंगठा काढला. शिवार होतं.