दिसतंय तेवढ्यात थांब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू अर्धा तास सोप्यात बसलास आणि विचारलंस एवढंच, "आप्पा, गाडीच्या दिव्यात एलईडी पांढरी लावू का पिवळी?" चहावर साय धरली तरी खरं काय ते बोलला नाहीस. तू गेल्यावर तुझ्या आईनं सांगितलं. तुझ्या शिफ्टचा पोरगा उसाच्या ट्रॉलीवर आदळला, आणि तेव्हापासून तू रात्री कागल सोडलंस की कधी वीसनं येतोस, कधी भ्यालास की ऐंशीनं. घरचे म्हणतायत शिफ्ट बदल, नाहीतर नोकरी सोड.

नोकरी सोडू नकोस. शिफ्ट बदलूनही काय होणार नाही. सातच्या शिफ्टला तू सहाला घर सोडणार, आणि जानेवारीत आपल्याकडं सूर्य उगवतो सातनंतर. म्हणजे अंधार तोच, वर दूधगंगेचं धुकं. रात्री बाराला निदान धुकं तरी पातळ असतं.

आता दिव्याचं. पांढरी नको, पिवळी नको, काही नको. आहे तो दिवा पूस आणि त्याचा झोत खाली कर. तुमची पोरं तो आभाळाकडं करून फिरतात, समोरच्याला पाच-सहा सेकंद आंधळं करतात, आणि तोच आंधळा तुमच्या अंगावर येतो. धुक्यात तर अप्पर मारूच नये. उजेड थेंबांवर आपटून तुझ्याच डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. एवढी साधी गोष्ट, पण डिप्परला बोट लावायचं म्हटलं की पोरांना कमीपणा वाटतो.

मुद्दा दिव्याचा नाहीच. दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. हे मी तुझ्या बापालाही सांगत होतो, तो हसायचा. दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. बाकी सगळं ह्याच्या मागं.

मी मोजून बघितलंय. मळ्याच्या रस्त्यावर गाडी लावली, डिप्पर ठेवला आणि चालत गेलो. पन्नासाव्या पावलाला माझाच पाय मला दिसेना. पन्नास पावलं म्हणजे पस्तीस-चाळीस मीटर. आता साठचा वेग धर. सेकंदाला सतरा मीटर रस्ता जातो. ट्रॉली दिसली, डोक्यात शिरली, हात ब्रेकवर गेला, त्यात सेकंद गेला, आणि सतरा मीटर तू ब्रेक न लावताच गेलास. पुढं ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर वीस-पंचवीस मीटर. म्हणजे साठला तू ट्रॉलीला टेकून थांबतोस, तेही सगळं नीट झालं तर. ऐंशीला ब्रेक लागल्यावरच चाळीसच्या वर मीटर लागतात. ऐंशीनं येणारा पोरगा ट्रॉली दिसायच्या आधीच तिच्यावर आदळलेला असतो. फक्त त्याला ते अजून कळलेलं नसतं.

थंडीत हे सगळं आणखी वाईट. सिद्धनेर्लीच्या पुढं आलास की बोटं बधिर होतात, ब्रेकची दांडी किती दाबली हे हाताला समजत नाही. हातमोजे घे, लोकरीचे नको, वारं आत जातं. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, काच दोन बोटं उघडी ठेव. दिवस मावळताना कुणीतरी उसाचं पाचट पेटवतो आणि तो धूर दव पडल्यावर वर जात नाही, रस्त्यावर झोपतो. धुरात शिरून बघू म्हणू नकोस. आणि पाणी पाजलेल्या रानातनं ट्रॅक्टर बाहेर आला की चाकाचा चिखल डांबरावर पसरतो, त्यावर सांडलेलं उसाच्या शेंड्याचं वाढं. तिथं चाक जाम होऊ न देणारी एबीएस असली तरी लवकर थांबायचं नाव नाही.

ट्रॉलीवाल्यांना तू शिव्या देतोस. दे. दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूला दोन हात बाहेर, मागं लोंबलेला, त्याच्या आड ट्रॅक्टरचा दिवा गडप. रिफ्लेक्टर लावलेला असतो, पण त्यावर चिखल. तो काय स्वतः पेटत नाही, तुझाच उजेड तुला परत देतो, आणि चिखलातनं काय देणार? मी उसाचा ट्रॅक्टर चालवायचो तेव्हा शेवटची सात-आठ वर्षं प्रत्येक खेपेला धोतराच्या सोग्यानं रिफ्लेक्टर पुसायचो. अड्ड्यावरची पोरं हसायची.

का पुसायचो ते तुला कधी सांगितलं नाही.

1996 चा जानेवारी. रात्री दोनला मागच्या ट्रॉलीचं चाक गेलं. जॅक नव्हता. साखर कारखान्यावर ऊस उतरवायचा नंबर लागलेला, तो गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊस वाळत उभा. मी पिन काढली, मागची ट्रॉली तिथंच सोडली आणि पुढची घेऊन गेलो. निम्मी ट्रॉली साईडपट्टीवर होती. निम्मी डांबरावर. मागं बाभळीची फांदी लावली, चार दगड ठेवले. हे मी पोलिसांना सांगितलं, पंचनाम्यात लिहिलंय. फांदी लावली होती.

पाचला परत आलो तेव्हा लांबूनच दुधाचा वास आला. थंडीत वास तसा पसरत नाही, पण आला. एक कॅन रस्त्याच्या मधोमध चेपून पडलेला, झाकण कुठंच नाही. राजदूत मोटरसायकल ट्रॉलीच्या खाली. गवळी ट्रॉलीला टेकून बसलेला, पाय भलतीकडं वळलेला, आणि मला म्हणतो कसा, "कुणाची हो ही ट्रॉली?"

वाचला. पाय अधू झाला. अजून बाजारात दिसतो, राम राम करतो.

आता तूच बघ. तो जोरात होता. जोरात नसता तर त्याला थांबता आलं असतं. दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हे मी तेव्हाच त्याच्या भावाला म्हणालो होतो, दवाखान्याच्या पायरीवर. भाऊ काही बोलला नाही. आणि नंबर सोडून रात्रभर ट्रॉलीपाशी कोण थांबलं असतं? तेव्हा सगळेच ट्रॉली सोडून जायचे. मी फांदी तरी लावली.

फांदी ट्रॉलीच्या मागं चार पावलांवर होती. चार. पन्नास पावलांचा हिशेब मी नंतर मोजला, आधी नाही.

असो. हे घरी बोलू नकोस.

तुझ्यापुरतं सांगतो. रात्री पन्नासच्या आत. धुक्यात तीस, आणि दहाच पावलं दिसत असतील तर चालतच ये म्हण ना. मागचा हॉर्न वाजवू दे, लाजू नकोस. तुझी गाडी बंद पडली तर ती आधी डांबरावरनं खाली ढकल, मग मोबाईल काढ.

रविवारी जेवण करून इकडं ये. मळ्याच्या वाटेला जुनी ट्रॉली उभी करून ठेवतो, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तू डिप्परवर चालत्या माणसाच्या वेगानं ये, दिसली की थांब आणि तिथनं पावलं मोजत माझ्याकडं ये. कानटोपी घाल, मळ्यात गारठा आहे. आणि येताना एक बाभळीची फांदी तोडून आण, ती मी सांगतो तिथं ठेवायची आहे.

तुझा
आप्पा