सिरॅमिक ग्रिल घ्यावी का?

सिरॅमिक ग्रिल म्हणजे जाड भाजलेल्या मातीची, झाकणाची कोळशाची ग्रिल. नुसतं झटपट भाजायचं असेल तर पत्र्याची साधी कोळशाची ग्रिल पुरे, एवढे पैसे घालू नका. पण तासन्‌तास मंद आचेवर शिजवायची हौस असेल तर जरूर घ्या. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून एकदा भरलेल्या कोळशावर ११० अंशांना आठ-दहा तास सहज निघतात. साधारण १८ इंची जाळी घरापुरती भरपूर होते. जागा मात्र आधी ठरवा. ही जड असते आणि पडली तर तडकते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- तापमान चढू देतात. तापलेलं सिरॅमिक लवकर निवत नाही. हव्या तापमानाच्या २०-२५ अंश आधीच हवा आत-बाहेर सोडणारी खालची-वरची झडप आवळायला लागा.
- झाकण एकदम उघडतात. आत हवा घुसून ज्वाळा थेट तोंडावर येते. झाकण आधी दोन बोटंभरच उचला, काही सेकंद थांबा, मगच उघडा. माझ्या हातावरचे केस असेच जळाले होते.
- पेटवायला रॉकेलसारखं द्रव ओततात. त्याचा वास जेवणाला लागतो.

पहिले चार-पाच वेळा फक्त झडपांवर हात बसवा. धुराचा स्वाद देणारी लाकडं वगैरे नंतर बघू.