२००९ मध्ये ओबामांकडून मुस्लिम जगाला एवढ्या आशा का होत्या?

कारण सुरुवातच वेगळी होती. शपथविधीनंतर आठवड्याभरात त्यांनी अल अरेबिया या अरबी वाहिनीला मुलाखत दिली. एप्रिलमध्ये तुर्कस्तानच्या संसदेत सांगितलं, अमेरिकेचं इस्लामशी युद्ध नाही. मग ४ जूनला कैरो विद्यापीठातलं भाषण, त्यात ‘अस्सलामु अलैकुम’. इराक युद्ध आणि तिथल्या अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाच्या फोटोंनी पोळलेल्या माणसांना हा सूर किती नवा वाटला असेल!

पण माझ्या मते खरी आशा दोन ठोस गोष्टींवर होती: दहशतवादाच्या संशयितांना खटल्याविना डांबणारा अमेरिकेचा ग्वांतानामो तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश आणि व्याप्त पॅलेस्टिनी भूमीवरच्या इस्रायली वसाहतींना उघड विरोध. तुरुंग बंद झाला नाही, वसाहतीही वाढतच गेल्या. कैरोतल्या त्या टाळ्या आठवल्या की आजही वाईट वाटतं.