चाळीस मुलं आणि पाच-सहाच मोबाईल: फोटोग्राफीतून गटकार्य कसं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की सातवीच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, पालकांचे मोबाईल पाच-सहाच मिळतील, मग फोटो काढण्यातून गटात शिकणं कसं घडवायचं? मी कोल्हापूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या मते मोबाईल कमी आहेत हे बरंच आहे. ज्याच्या-त्याच्या हातात फोन दिला की जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये. सात-आठ जणांत एक फोन आणि ‘गटाने शेवटी आठच फोटो द्यायचे’ एवढी अट घाला. कुठला ठेवायचा, कुठला वगळायचा, यावरून पोरं बोलायला लागतात, आणि त्या बोलण्यातच धडा होतो.

आमच्याकडे हंगामात गुऱ्हाळं, म्हणजे उसापासून गूळ करायच्या जागा, सुरू असतात, म्हणून मी तिथेच नेतो. उसाचा रस काहिलीत (मोठ्या कढईत) पडल्यापासून गूळ वाफ्यात (निववायच्या उथळ हौदात) ओतेपर्यंतचे टप्पे टिपायचे. एकाने फोन धरायचा, एकाने वेळ लिहायची, दोघांनी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, विचारायचं, बाकीच्यांनी पुढे काय टिपायचं ते ठरवायचं. दोन-तीन फोटो झाले की फोन पुढच्याकडे. पहिली पाळी मुलींना द्या. घरी त्यांच्या हाती फोन कमीच येतो. चुलवाणापासून, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीपासून, लांब उभं राहायचं हे आधीच बजावा. वाफेने लेन्स धुरकट होते, तेव्हा प्रत्येक गटाकडे सुती फडकं हवंच.

खरी मजा वर्गात येते. एका गटाचे आठ फोटो पिसून, वेळ झाकून दुसऱ्या गटाला द्या आणि क्रम लावायला सांगा. रस स्वच्छ करायला भेंडीचा चीक घातल्यावर वर आलेली मळी (रसातला गाळ) आणि नंतरचा पिवळा फेस, हे दोन फोटो हमखास उलटसुलट लागतात. मग वाद. एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, या फोटोत वाफ दाट हाय, म्हंजे पाणी अजून आटलं न्हाई, ह्यो आधीचा.” तिथून पुढचा प्रश्न मुलांनीच काढला: पाणी १०० अंशांना उकळतं, मग गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवतात तो कसा? पाणी उडालं की साखरेचं प्रमाण वाढतं आणि उत्कलनबिंदू चढतो, हे फळ्यावर सांगून जेवढं पोचत नाही तेवढं त्या आठ फोटोंतून पोचलं.

गुऱ्हाळ जवळ नसेल तर गणितासाठी शाळेच्या आवारातले कोन, भूगोलासाठी दिवसभरात एकाच खांबाची सावली. सावलीचे फोटो मात्र एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून काढायला लावा, नाहीतर तुलना करता येत नाही.

गुण देताना फोटो किती देखणा आला ते बघू नका. फोटोखाली गटाने मिळून लिहिलेल्या दोन ओळींना गुण द्या. नाहीतर चांगला कॅमेरा असलेल्या फोनचा गट दरवेळी पुढे.

बाबूराव पेंटर यांनी इथेच, कोल्हापुरात, स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला होता, ही गोष्ट मी सुरुवातीला आवर्जून सांगतो. पोरांचे डोळे चमकतात.

आणि पालकांची परवानगी लेखी घ्या. माणसांचे चेहरे टिपण्याआधी त्यांना विचारायला मुलांना शिकवा. फोटो वर्गाबाहेरच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आणि काम झालं की पालकांच्या फोनमधून ते सगळ्यांसमोर पुसून टाका.