एजंट म्हणतो, आधी लंडनला जा, इंग्लिश तिथेच शिक

प्रश्न: ताई, मी कराडची, बीई सिव्हिल झालंय. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीची एमएस्सीसाठी कंडिशनल ऑफर आलीय, पण त्यांना आयईएलटीएसला, म्हणजे त्या इंग्लिशच्या परीक्षेत, ओव्हरऑल 6.5 आणि प्रत्येकात किमान 6 हवेत. माझे लिसनिंग 6.5, रीडिंग 6.5, स्पीकिंग 6 आणि रायटिंग 5.5, ओव्हरऑल 6. एजंट म्हणतो व्हिजिटर व्हिसावर लंडनच्या लँग्वेज स्कूलला 6 महिने जा, मग तिथूनच व्हिसा बदलून घेता येईल, आणि पार्टटाइम काम केलंस तर निम्मी फी सुटेल. चार स्कूल्सची ब्रोशर्स पाठवलीत, सगळ्यांत हसणारी पोरं आणि मागे लाल बस. कुठलं घेऊ?

उत्तर: अगं, लाल बस राहू दे बाजूला. व्हिजिटर व्हिसावर 6 महिन्यांपर्यंत मान्यता असलेल्या स्कूलमध्ये शिकता येतं, एवढं एकच त्या एजंटचं खरं आहे. काम मात्र एक तासही करता येत नाही, आणि तिथे बसून त्याचा स्टुडंट व्हिसा करून मिळत नाही, परत इकडे येऊन अर्ज करावा लागतो. 6 ते 11 महिन्यांच्या इंग्लिश कोर्ससाठी शॉर्ट टर्म स्टडी व्हिसा असतो, त्यालाही हेच दोन्ही नियम. त्याला हे माहीत नसेल तर तो एजंट कसला, आणि माहीत असून सांगत असेल तर बोलायलाच नको.

आता तुझे मार्क बघ. चौघांची बेरीज 24.5, भागिले 4 म्हणजे 6.125, ते खाली येऊन 6 झाले. रायटिंगला फक्त 6 मिळाले असते तर बेरीज 25, सरासरी 6.25, आणि आयईएलटीएसमध्ये 6.25 चे वर जाऊन 6.5 होतात. म्हणजे तू अडलीयस ती अर्ध्या बँडवर (तिथे मार्कांना बँड म्हणतात), आणि त्यासाठी लंडनला निघालीयस! कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असशील तर 60 दिवसांच्या आत एकच विषय परत देता येतो, वन स्किल रीटेक म्हणतात त्याला, फक्त तुझी युनिव्हर्सिटी तो निकाल धरते का ते आधी मेल करून विचार.

नाहीच जमलं तर युनिव्हर्सिटीचाच प्री-सेशनल, म्हणजे एमएस्सी सुरू होण्याआधीचा इंग्लिशचा कोर्स बघ, उन्हाळ्यात 6, 10, 12 आठवड्यांचे असतात, निबंध, संदर्भ कसे द्यायचे, लेक्चरच्या नोट्स, हेच सगळं शिकवतात आणि पास झालीस की बहुतेक ठिकाणी परत आयईएलटीएस मागत नाहीत. स्वस्त नाहीत हं. हा कोर्स आणि एमएस्सी, दोन्हींना मिळून एकच कॅस (व्हिसासाठी लागणारं युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र) देणार की वेगवेगळे, हेही विचारून घे, कारण त्यावर व्हिसाचा खर्च एकदा की दोनदा ते ठरतं.

मी स्वतः अशा एका जनरल इंग्लिशच्या स्कूलमध्ये 10 आठवडे काढलेत. वर्गात 14 जण, त्यातले 9 एकाच देशाचे, बाईंची पाठ वळली की त्यांचं आपल्या भाषेत सुरू. फायदा अगदीच झाला नाही असं नाही, मी ‘ओलं’ या अर्थाने वेट म्हणायचे आणि बाईंना जनावरांचा डॉक्टर ऐकू यायचा, मग त्या खालच्या ओठावर वरचे दात टेकवून व्ही दाखवायच्या आणि ओठांचा चंबू करून डब्ल्यू. उच्चार सुधारला, पण निबंध होता तिथेच. तुला निबंधाचीच अडचण आहे.

प्रश्न: मॅडम, मुलगा बारावीनंतर डब्लिनला 25 आठवड्यांच्या इंग्लिश कोर्सला जाऊ म्हणतोय, तिथे कामही करता येतं म्हणे. खरं आहे का? (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर: हो काका, आयर्लंडमध्ये ते खरं आहे, कोर्स सरकारच्या मान्य यादीत असेल तर. आठवड्याला 20 तास काम, जून ते सप्टेंबर आणि 15 डिसेंबर ते 15 जानेवारी 40 तास. पण वर्ग आठवड्याला किमान 15 तास भरतो आणि हजेरी 85 टक्के लागते, नाहीतर पुढची परवानगी अडते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत हॉटेलात भांडी घासून सकाळी झोपून राहिला तर कठीण आहे. 2014-15 मध्ये डब्लिनमधली डझनाहून जास्त कॉलेजं, त्यात बरीच इंग्लिशचीच, एकामागोमाग बंद पडली होती आणि फी भरलेली पोरं रस्त्यावर आली. म्हणून तुम्ही स्कूललाच सरळ मेल टाका, एजंटमार्फत नको: बंद पडलात तर माझ्या मुलाचं काय, व्हिसा नाकारला तर फी किती दिवसांत परत, वर्गात जास्तीत जास्त किती मुलं आणि सगळ्यात जास्त कुठल्या देशाची. चारही उत्तरं लेखी येईपर्यंत फी भरू नका.